हाडाच्या कवचाचा, तळाला तोंड असलेला मासा: हा कोणता?

गळकरी:
संथ पाण्यात तळाशी सोडलेल्या गळाला, कणकेच्या गोळीवर हा मासा लागला. लांबी ३८ सेंमी. खवले नाहीत, त्यांच्या जागी हाडाच्या खरखरीत तुकड्यांच्या रांगा. तोंड खालच्या बाजूला, ओठ बशीसारखे गोल. पाठीचा पर उभारला की शिडाएवढा होतो. तपकिरी अंगावर काळे ठिपके. मांगूर म्हणावा तर मिशा अगदी तोकड्या. पाण्याबाहेर अर्धा तास झाला तरी तो जिवंतच आहे. जात कशी ठरवायची? परत सोडायचा का?

डोहकाठ:
सोडू नका. हा सकर मासा, मत्स्यालयवाले ज्याला प्लेको म्हणतात तो. कुळ लोरिकारिडी, मूळ दक्षिण अमेरिकेतलं. काचेवरचं शेवाळ खातो म्हणून विकत घेतात आणि टाकीत मावेनासा झाला की नदीत टाकतात.

प्लेको या नावाखाली बऱ्याच प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचे गट) येतात, त्यातल्या नेहमीच्या दोन म्हणजे टेरिगोप्लिक्थिस आणि हायपोस्टोमस. त्या ओळखायच्या पाठीच्या परावरून. पर पूर्ण ताणून उजेडासमोर धरा. पुढचा जाड काटा सोडून द्या आणि मागचे टोकाला फाटे फुटलेले मऊ किरण मोजा. हायपोस्टोमसला ७ असतात, टेरिगोप्लिक्थिसला ९ ते १४. मिटलेल्या परावर मोजलं की हमखास एखाद-दुसरा सुटतो. शेवटचा किरण बुडापाशीच दुभंगलेला असतो, तो एकच धरायचा.

टेरिगोप्लिक्थिस असेल तर त्यापुढची जात ठरते पोटावरून. पाठीचे फोटो कितीही काढले तरी तिथे उपयोग नाही. पोटावर गडद ठिपके सुटे सुटे असतील तर बहुधा पार्डालिस. ठिपके एकमेकांत मिसळून अळ्यांसारख्या वळणदार रेषा झाल्या असतील तर डिसजंक्टिव्हस.

ओलाचिंब:
हाताळण्याबद्दल. छातीच्या परांचे काटे तो आडवे ताठ करून ठेवतो, म्हणून जाळीत घेऊ नका. अडकला तर काटे ओढण्यापेक्षा जाळी कापलेली बरी. जाड हातमोजे घाला, ओल्या फडक्यात गुंडाळून उताणा करा. तोंड खाली असल्यामुळे गळ पकडीने तसाच सोपा निघतो. पोटाचा फोटो त्याच वेळी काढून घ्या, शेजारी पट्टी ठेवून आणि फ्लॅश बंद करून. ओल्या कवचावर फ्लॅश चमकला की नक्षी पुसून जाते.

गळकरी:
मऊ किरण ११ भरले. पोटावर वळणदार रेषा आहेत, पण गळ्यापाशी ठिपके सुटे दिसतात.

डोहकाठ:
मग टेरिगोप्लिक्थिस नक्की. जातीचं मात्र इथे ओढूनताणून ठरवू नका. पार्डालिस आणि डिसजंक्टिव्हस यांचा संकर होतो, आणि मधली नक्षी असलेले मासे बऱ्याच ठिकाणी सापडले आहेत. नोंदीत ‘टेरिगोप्लिक्थिस, डिसजंक्टिव्हससारखी नक्षी’ एवढंच लिहा. कोणी अभ्यासक तपासणार असेल तर पराचा नखाएवढा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिन नको, त्यात डीएनए खराब होतो. नुसती मायटोकाँड्रियाची तपासणी मात्र आईचंच कूळ सांगते, संकर त्यात दिसत नाही.

कपारी:
न सोडण्याचं कारण सांगतो. नर काठाच्या मातीत आडवी बिळं करतात, मादी त्यात अंडी घालते आणि नर राखण करतो. अशी बिळं वाढली की काठ पोखरला जाऊन ढासळतो. शिवाय हा मासा हवा गिळून जठरातून श्वास घेतो, त्यामुळे ज्या गढूळ, प्राणवायू संपलेल्या पाण्यात इतर मासे मरतात तिथेही तो तगतो. तुमच्याकडे अर्धा तास जगला तो यामुळेच.

काठावर तसाच टाकून जाऊ नका. तो तासन्‌तास तडफडत राहील, नाहीतर सरपटत पुन्हा पाण्यात जाईल. नुसता बर्फात ठेवणंही क्रूरच, मरायला फार वेळ लागतो. डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्याच्या मधोमध जड दांडक्याचा जोरदार फटका द्या आणि लगेच सुरीच्या टोकाने मेंदू छेदा. कवटीवर कवच असल्यामुळे हलका फटका लागतच नाही. जिवंत मासा दुसरीकडे नेण्यावर बऱ्याच ठिकाणी बंदी असते, तेव्हा हे जागेवरच करा.

आणि लांबी दोन प्रकारे लिहा: नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत, आणि शेपटीच्या टोकापर्यंत. शेपटीची टोकं बऱ्याचदा झिजलेली असतात, म्हणून दोन माशांची तुलना करताना पहिलीच कामाला येते.