‘मॅनेज्ड प्रिंटिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

आमच्या पतसंस्थेच्या ११ शाखा आहेत. सगळ्या शाखांची प्रिंटर-झेरॉक्स यंत्रं, टोनर, दुरुस्ती, सुटे भाग एकाच पुरवठादाराकडे सोपवायचा विचार चालू आहे. त्याच्या प्रस्तावाचं शीर्षक आहे ‘फ्लेक्झिबल मॅनेज्ड प्रिंट स्ट्रॅटेजी’. संचालक मंडळापुढे ठेवायचं मराठी टिपण माझ्याकडे आलंय. पहिल्या मसुद्यात मी ‘लवचीक व्यवस्थापित मुद्रण व्यूहरचना’ असं लिहिलं आणि सभेआधी एका ज्येष्ठ संचालकांना वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, “ताई, यात आपण विकत काय घेतोय? मशीन, कागद, की माणूस?”

त्यांचा प्रश्न रास्त आहे. माझ्या चार शब्दांत त्याचं उत्तर नाही. ठेवीदारांच्या पैशातून होणारा हा खर्च आहे, तो मंजूर करणाऱ्याला शब्द वाचताच कळला पाहिजे. कृपया सुचवा.

उत्तर १

आधी ‘मुद्रण’ बाजूला ठेवा. शब्द चांगला आहे, पण तो मुद्रेच्या, म्हणजे शिक्क्याच्या घरातला. मुद्रांक, मुद्रितशोधन, ध्वनिमुद्रण ही त्याची भावंडं. ‘मुद्रण’ म्हटलं की डोळ्यांसमोर मुद्रणालय येतं. शाखेतल्या कोपऱ्यात कर्जाचा अर्ज काढून देणारं यंत्र येत नाही. बोलताना तर आपण ‘प्रिंट काढ’ किंवा ‘प्रिंट मार’ म्हणतो.

तुमच्या संस्थेकडे याला शब्द आधीपासून आहे. वार्षिक अहवालातलं नफा-तोटा पत्रक उघडा. खर्चाच्या बाजूला ‘छपाई व स्टेशनरी’ असं खातं असेल. सभासद तेच वाचत आलेत, आणि हा खर्च पडणारही त्याच खात्यात. म्हणून ‘छपाई’.

दुसरी अडचण ‘व्यवस्थापित’ची. या कर्मणी विशेषणात कर्ता दडून राहतो. व्यवस्था कोणी ठेवायची, बिघडलं तर कोणी यायचं, हेच तर करारात महत्त्वाचं, आणि शब्द नेमकं तेच सांगत नाही.

उत्तर २

‘व्यूहरचना’ही काढा. समोर शत्रू नाही. ‘धोरण’ चालेल, पण धोरण म्हणजे संस्थेनं कायम पाळायची दिशा, ‘धोरणी माणूस’ म्हणतो तसा पुढचं पाहून वागण्याचा भाव त्यात आहे. तुम्हाला हवंय ते ‘आखणी’. शेतात वाफे पाडण्याआधी, वहीवर समास सोडताना आपण आखतो. आखलेली रेघ गरजेप्रमाणे पुसून पुन्हा मारता येते, हेही तुमच्या कामाचं.

उत्तर ३

ताई, मी याच धंद्यात आहे, कॉपियर-प्रिंटर भाड्यानं देतो. आमच्याकडे बोलायची पद्धत सांगतो. एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभाल करार, त्यात फक्त येणं-जाणं आणि मजुरी. पार्ट लागला की त्याचे पैसे वेगळे. एफएसएमए, म्हणजे संपूर्ण सेवेचा देखभाल करार, त्यात टोनर, ड्रम, पार्ट सगळं आमचं, बिल पानावर. कागद आणि वीज बहुतेक वेळा गिऱ्हाइकाची. पान मोजायला यंत्रातच मीटर असतो. महिन्याला रीडिंग घेतो, रिक्षासारखं.

ही पद्धत नवी नाही. झेरॉक्स ९१४ हे यंत्र १९५९ साली अमेरिकेत आलं तेव्हा ते विकत घेण्याऐवजी लोक महिन्याला ९५ डॉलर भाड्यानं घेत. त्यात २,००० प्रती धरलेल्या, त्यापुढच्या प्रतींचे पैसे मोजून. आजच्या करारातही हाडं तीच आहेत: काही पानं भाड्यात, पुढची मोजून.

उत्तर ४

मग याला सरळ ‘उक्ती छपाई’ का म्हणू नये? आमच्याकडे खुरपणी उक्ती देतात, तसं सगळं काम एकाला उक्तं दिलं.

उत्तर ३ कडून पुन्हा

उक्तं म्हणजे ठरलेली एकच रक्कम, मग माणसं किती लावली, दिवस किती लागले ते देणारा विचारत नाही. इथं तसं नाही. भाडं उक्तं, पण पुढची पानं मीटरवर. ‘उक्ती’ लिहिलंत तर संचालक समजतील की कितीही छापा, रक्कम तीच. वर्षाअखेरीला भांडण होईल. आणि अजून एक: टोनरच्या खोक्यावर पानांचा आकडा असतो तो पानाच्या साधारण ५ टक्के भागावरच शाई पडते असं धरून. तुमच्या कर्ज अर्जावर वर काळा पट्टा आणि खाली चौकटीच चौकटी असतील तर टोनर त्याच्या आधी संपतो. पानावर बिल असलं की तो भार आमच्यावर येतो, टोनर तुम्ही आणत असाल तर तुमच्यावर.

प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर ३ वाचून प्रस्ताव पुन्हा काढला, आणि ‘फ्लेक्झिबल’ची गाठ तिथंच सुटली. प्रस्तावात प्रत्येक शाखेला महिन्याला किमान ३,००० पानं धरली आहेत. कमी छापली तरी पैसे तेवढेच. आमच्याकडे पानं सारखी पडत नाहीत. मार्चअखेरीला यंत्र थंड होत नाही. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते, म्हणून ऑगस्टमध्ये सूचना आणि अहवालाची घाई. मधल्या पावसाळ्यात लहान शाखेत ८०० पानंही होत नाहीत. अशा करारावर ‘लवचीक’ लिहिणं म्हणजे सभासदांना खोटं सांगणं. हवं ते असं, की एका शाखेची न वापरलेली पानं दुसरीला चालावीत आणि कमी-जास्तीचा हिशेब वर्षाअखेर व्हावा.

आणि याला मराठीत किती चोख शब्द आहे! सामाईक. सामाईक विहीर, सामाईक बांध. कुणाचं पाणी किती, हे ठरवून एकत्र वापरणं आमच्या प्रत्येक संचालकाला पाठ आहे. टिपणात लिहिलं: ‘किमान पानं शाखावार न धरता ११ शाखांत सामाईक धरावीत.’ ज्येष्ठ संचालकांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, “हे कळलं. मग वर्षाची एकूण किती, ते सांगा.” म्हणजे वाक्य पोहोचलं.

शीर्षक आता ‘छपाईची सोपवणूक: आखणी आणि करार’ असं ठेवलंय. सोपवणूक म्हटलं की सोपवणारा आणि पत्करणारा, दोघंही दिसतात.

एकच शब्द अडलाय. कार्ड लावल्याशिवाय यंत्रातून पान बाहेर येत नाही, त्या सोयीला ‘पुल प्रिंटिंग’ म्हणतात. मला ती प्रत्येक शाखेत हवीच आहे. मागे एका शाखेत एका सभासदाची थकबाकीची नोटीस ट्रेमध्ये तशीच राहिली आणि पासबुक भरायला आलेल्या त्याच्याच शेजाऱ्याच्या हाती लागली. त्या सभासदानं पुढच्या आठवड्यात खातं बंद केलं. काउंटरवर मान खाली घालून सही करताना मी त्यांना पाहिलंय.

उत्तर १ कडून

‘ओढ छपाई’ नको, अर्थच बदलतो. ‘ओळखीवर छपाई’?

प्रश्नकर्तीकडून

‘ओळखीवर’ म्हटलं की वशिला वाटतो. आमच्या मुख्य शाखेतल्या शिपाईमामांना ती सोय समजावून सांगितली, तर ते लगेच म्हणाले, “म्हणजे माणूस हजर तर कागद हजर.” कार्डही हजेरीचंच वापरणार आहोत. टिपणात ‘हजेरी छपाई’ लिहिलं, आणि पहिल्या उल्लेखाला मामांचं वाक्य तसंच्या तसं जोडलं.