सोल्डरिंगवर पीएचडी? पेल्टियरमधल्या जोडांबद्दल विचारायचंय

देवगडचा_पोर: नमस्कार मंडळी. मी देवगडकडचा, एमएस्सी फिजिक्स झालंय, सध्या मुंबईत पीएचडीचं पहिलं वर्ष. विषय थर्मोइलेक्ट्रिक कूलिंग, म्हणजे ती पेल्टियर प्लेट, करंट दिला की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, गाडीतल्या छोट्या फ्रिजमध्ये असते ना, तीच. मला वाटलेलं नवीन मटेरियल बनवायला मिळेल, पण सरांनी हातात दिलं काय तर बिस्मथ टेल्युराइड (प्लेटमधलं गारवा देणारं मटेरियल) आणि तांब्याच्या पट्टीमधला जोड, त्यातला निकेलचा थर, सोल्डर वगैरे. गणपतीत घरी गेलो तर काका म्हणाले, "एवढं शिकून शेवटी डागच देतोस का रे?" आणि खरं सांगू, मलाही तेच वाटायला लागलंय. त्यात गेल्या आठवड्यात पाच सँपल बनवले, पाचही नखाने उचकटले, निकेल पापुद्र्यासारखं निघून हातात आलं. विषय बदलून घेऊ का? कोणी या लाइनमधलं आहे का इथे?

भाट्याचा_वारा: बदलू नकोस. मी याच भानगडीत पाच वर्षं काढलीत म्हणून सांगतो. आधी साधा हिशोब कर. या मटेरियलची रोधकता साधारण १० मायक्रोओम-मीटर धर. पाय, म्हणजे प्लेटमधला या मटेरियलचा छोटा ठोकळा, दीड मिलिमीटर उंच असेल तर एका चौरस सेंटिमीटरला १५० मायक्रोओम झाले, आणि दोन्ही टोकांचे जोड प्रत्येकी १ मायक्रोओम, म्हणजे किरकोळच, कोणी विचारत नाही. आता तोच पाय ०.१ मिलिमीटरचा कर, कारण चिप किंवा लेझर थंड करायचा तर प्लेट पातळच लागते. पायाचे उरले १० आणि जोडांचे तेच २! त्यात थंड बाजूचा जोड तापतो तो नेमका जिथे गारवा हवा तिथेच. मटेरियल कितीही भारी आणलंस तरी जोड खाऊन टाकतो.

निकेल कशाला, तर सोल्डरमधलं कथिल टेल्युरियमबरोबर ठिसूळ थर बनवतं आणि तांबं तर आत पळतच सुटतं, म्हणून मध्ये भिंत. वर बाहेरच्या अल्युमिनाच्या (सिरॅमिकच्या) प्लेटपेक्षा हे मटेरियल तापल्यावर दुपटीने वगैरे फुगतं, त्यामुळे चालू-बंद, चालू-बंद करताना सगळा ताण जोडावर.

तुझ्या पापुद्र्याची खालची बाजू भिंगातून बघितलीस का? चकचकीत असेल तर निकेल मुळात चिकटलंच नव्हतं, वर ऑक्साइड किंवा तेलकटपणा राहिलाय. करडा थर सोबत आला असेल तर निकेलने घट्ट धरलंय, फाटलंय ते मटेरियलच, ते अभ्रकासारखं पदरापदराने सुटतं. दोन्हीचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी हे बघ.

आणि काकांना विचार, कल्हईवाला तापलेल्या भांड्यात आधी नवसागर का फिरवतो? तो नसेल तर कथिल गोळ्या होऊन पळतं, तांब्याला धरत नाही. तुझी पीएचडी तिथूनच सुरू होते.

मालवणी_मेकॅनिक: माका पीएचडीतला काय कळणा नाय, मी फ्रिज-एसीची कामा करतंय. पण बंद पडलेल्यो प्लेटी रग्गड उघडलंय. पावसात थंड बाजूक पाणी सुटता, वर आपली हवा खारी. कडेचा सिलिकॉन सुटला काय पाणी आत, आणि करंट चालू असताना तर बघूकच नको, कोपऱ्यातले पाय पयले जातत, हिरवी-पांढरी भुकटी नुसती. मधले पाय एकदम ठणठणीत! जोडच सडतत मेल्या. दुसरा म्हणजे प्लेट बसवताना लोक एका बाजूचो स्क्रू पुरो आवळतत नि मगे दुसरो, सिरॅमिक तडाक करून जाता. उष्णता जावक लावतत ती पेस्ट पण लोण्यासारखी थापतत, पातळ लावूची असता ती.

हर्णै_बंदर: पेल्टियरचा शोध १८३४ चा ना? एवढ्या वर्षांत मासळीचा एक डबा धड गार होत नाही त्यावर. बर्फच बरा.

भाट्याचा_वारा: डब्याला बर्फच बरा, कोण नाही म्हणतंय. कॉम्प्रेसरशी त्याची बरोबरीच नाही, वीज फार खातो. पण बोटाच्या पेराएवढ्या जागेत, आवाज न करता, तापमान अगदी नेमकं धरायचंय तिथे बर्फ कुठे ठेवणार?
मेकॅनिकसाहेबांचं मात्र लिहून घे रे पोरा. लॅबमध्ये सगळे कोरड्या हवेत टेस्ट करतात. एक सँपल दमट, खाऱ्या हवेत ठेवून दर आठवड्याला रोध मोज. जोडावरून सुई सरकवत व्होल्टेज घेतलंस की उडी कुठे आहे ते दिसतं.

देवगडचा_पोर: बघितलं आज. चार चकचकीत, एक करडा. म्हणजे चारांत माझीच साफसफाई कच्ची, पॉलिश करून दोन दिवस सँपल तसेच उघडे टाकले होते, प्लेटिंगच्या मशीनला नंबर लागला नाही म्हणून 🤦 सोमवारी खरवडून, धुऊन लगेच लावतो. सरांशी विषय बदलायचं अजून बोललो नव्हतो, बरं झालं. काकांना कल्हईचं सांगितलं तर म्हणाले, आजीचं पातेलं पाठवतो, आधी त्याला कल्हई करून दाखव.