आधी तालुक्याला गोळ्या मिळू देत

प्रत्येक जिल्ह्याला मनोरुग्णालय हवं आणि त्यासाठी आमदारांना भेटू, अशी मागणी या चर्चेत झाली आहे. तिच्याशी मी अर्धाच सहमत आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या सरकारी मनोरुग्णालयांवर वर्षानुवर्षं अख्ख्या राज्याचा भार आहे, हे खरंच. पण बहुतेक पेशंटना खाट नाही, गोळ्या लागतात, आणि त्याही न चुकता. माझ्या मामाला स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार आहे. गोळ्या तेव्हा फक्त जिल्हा रुग्णालयात मिळायच्या. त्यापायी मामीची दर महिन्याला एक दिवसाची मजुरी बुडायची, वर एसटीचं भाडं. सोयाबीनच्या काढणीत खाडा झाला की गोळ्या बंद, आणि मग मामा रात्री-अपरात्री घराबाहेर.

इथे अजून कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 18 प्रमाणे सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत कायम आणि मोफत मिळायला हवीत. म्हणजे आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयात. आम्ही कलम लिहून वैद्यकीय अधीक्षकांना अर्ज दिला. उत्तर आलं, 'इथे मानसोपचारतज्ज्ञ नाही.' (औषधाच्या कपाटाला तज्ज्ञ कशाला लागतो?) मग माहिती अधिकारात ओलान्झापिनच्या (मामाच्या गोळ्यांच्या) साठा नोंदवहीची नक्कल मागितली, तेव्हा कुठे गोळ्या आल्या. अजूनही मधेच संपतात, पण आता मामी खिडकीवर अर्जाची पोच पुढे करते. आमदारांकडे मनोरुग्णालयाची इमारत मागायला जाल तेव्हा तालुक्याच्या औषधसाठ्याचीही लेखी मागणी करा.