उन्हाळ्यात व्हेगन कुकीज पसरतात, मदत हवी आहे

प्रमाण: ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम, कणीक ५०, गूळ ६०, खोबरेल ५०, पाव चमचा बेकिंग पावडर. अंड्याऐवजी १ मोठा चमचा जवसाची पूड, ३ मोठे चमचे पाण्यात १० मिनिटं भिजवून. ओव्हन १७० अंश, १४ मिनिटं.

खोबरेल २४-२५ अंशांलाच वितळतं. विदर्भातल्या मे महिन्यात ते गोठायचं नावच घेत नाही, गोळा सैल पडतो आणि कुकीज पापडासारख्या पसरतात. ज्वारी वाढवली की भुगा, त्यात ग्लुटेन (पीठ बांधून ठेवणारं गव्हातलं प्रथिन) नाही ना! फ्रिजमध्ये घट्ट करावं तर खेड्यात भारनियमन. खोबरेल ३० ग्रॅमवर आणून उरलेल्याऐवजी वाटलेले शेंगदाणे घातले तर जमेल का? किती घालावेत? गूळ ओलावा ओढतो, दुसऱ्या दिवशी कुकीज मऊ. अर्धी साखर घेतल्यास कुरकुरीत राहतील? डालडा कृपया सुचवू नका.