एबीएसचे (ब्रेक लावल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) कोडही वाचेल असा गाडीचा स्वस्तातला स्कॅनर कोणता?

प्रश्न: चेक इंजिनचा दिवा लागलाय, एबीएसचाही अधूनमधून लागतो. ब्लूटूथचा ईएलएम३२७ (गाडीला लावून मोबाइलवर बिघाडाचे कोड दाखवणारा ॲडाप्टर) पुरेल का?

उत्तर १: इंजिनापुरता पुरेल. एबीएससाठी मात्र त्याचं मॉड्यूल (कंट्रोल युनिट) वाचणारा स्कॅनर घ्या आणि तुमचं मॉडेल त्याच्या यादीत आहे का, ते आधी बघा.

उत्तर २: लाइव्ह डेटा (इंजिन चालू असताना सेन्सरचे आकडे) हवाच! पी०१७१ (इंधनाच्या मानाने हवा जास्त, असा कोड) आला म्हणून लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलू नका. फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो ते) आयडलला +२०% आणि २५०० आरपीएमला +५% दिसला, तर बहुधा इनटेकमध्ये कुठूनतरी हवा शिरतेय. व्हॅक्यूमचे पाइप तपासा. आरपीएम वाढवल्यावर ट्रिमही वाढला, तर फ्युएल प्रेशर किंवा एमएएफ सेन्सरकडे (आत येणारी हवा मोजणारा) बघा.

उत्तर ३: कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणाच्या आकड्यांची नोंद) फोटो काढा, कोडबरोबर तीही पुसली जाते. आणि ॲडाप्टर लावून ठेवू नका, बॅटरी उतरते.