मदत हवी आहे: इनामगावच्या दफनांमधून आईचा वंश कळू शकतो का?

शर्वरी_मुलुंड:

नमस्कार मंडळी,

मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवते. प्रदर्शनासाठी आमच्या नववीच्या मुलांनी इनामगाव निवडलं आहे. शिरूरजवळ घोड नदीकाठची ही ताम्रपाषाणयुगीन वस्ती, साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० मधली. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. मुलं सगळ्यात जास्त अडकली आहेत ती तिथल्या लहानग्यांच्या दफनांपाशी. दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत बाळ, आणि हे सगळं राहत्या घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात. मोठ्या माणसांचे मात्र पुरण्याआधी घोट्याखालून पाय तोडलेले.

एका मुलीने विचारलं, "त्या घरातली बाईच त्या बाळाची आई होती, हे डीएनएवरून कळेल का?" मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. त्याला गोलमाल उत्तर द्यायचं नाही, म्हणून इथे आले.

जेवढं वाचलं ते असं. तंतुकणिकांमधला (मायटोकॉन्ड्रियांमधला) डीएनए आईकडून मुलग्यांना आणि मुलींना दोघांनाही मिळतो, पण पुढे जातो तो फक्त मुलींकडून. तो आहे जेमतेम १६,५६९ अक्षरांचा, पण एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात. केंद्रकातल्या डीएनएच्या मात्र दोनच. त्यामुळे जुन्या हाडांत तो हाती लागण्याची शक्यता जास्त. १९९७ मध्ये निअँडरथलचा पहिला डीएनए वाचला गेला तोही हाच. इथवर मुलांनाही छान समजतं.

पुढे गाडी अडते. हरियाणातल्या राखीगढीच्या २०१९ च्या संशोधनात एका हडप्पाकालीन स्त्रीचा मातृवंश यू२बी२ निघाला. आजही भारतात ही शाखा आहे. मग आज ज्याची शाखा यू२बी२ असेल तो तिचा वंशज, असं फलकावर लिहिता येईल का? दुसरं, एका पालकांनी स्वतःची आणि मुलाची घरगुती चाचणी करून निकाल प्रदर्शनात मांडायची तयारी दाखवली आहे. त्याचा उपयोग होईल का? आणि मुख्य प्रश्न त्या मुलीचाच. कृपया जाणकारांनी सांगावं.

अस्थिवेध:

शर्वरीताई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. प्राचीन डीएनएवर काम करणारे लोक नेमका हाच प्रश्न विचारतात.

तिच्या प्रश्नाचं उत्तर दोन बाजूंनी वेगवेगळं आहे. बाळाचा आणि त्या बाईचा हॅप्लोग्रुपच, म्हणजे मातृवंशाची शाखाच, वेगळी निघाली, तर ती त्याची आई नाही, हे ठामपणे सांगता येतं. पण दोघांचा क्रम शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला तरी ती आईच, असं म्हणता येत नाही. आईच्या आईचा, मावशीचा, सख्ख्या बहिणीचा, मावसबहिणीचा, सगळ्यांचा क्रम तोच असतो. आई की मावशी हे ठरवायला केंद्रकातला डीएनए लागतो. आई-मुलात तो निम्मा जुळतो, मावशी-भाच्यात साधारण चतुर्थांश. सख्ख्या भावंडांतही सरासरी निम्माच जुळतो, पण जुळण्याची ठेवण वेगळी असते. त्याच्या जोडीला मृत्यूच्या वेळचं वय आणि थरांचा काळ पाहावाच लागतो.

मातृवंशाची खरी ताकद एका जोडीपेक्षा अख्ख्या दफनभूमीत दिसते. मुली माहेरीच राहायच्या की सासरी जायच्या, हे त्यातून उमगतं. इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या विंटरबोर्न किंग्स्टन इथल्या लोहयुगीन दफनांवरचं काम २०२५ मध्ये आलं. तिथली बहुसंख्य माणसं एकाच आईच्या वंशातली निघाली. म्हणजे बायका गावातच राहत होत्या आणि नवरे बाहेरून येत होते. याच्या उलट दक्षिण जर्मनीतलं लेख (Lech) नदीचं खोरं, तिथला अभ्यास २०१९ चा. तिथे कांस्ययुगीन शेतवाड्यांवर बापामागे मुलगा अशा पिढ्या सापडल्या, पण मोठ्या झालेल्या मुली सापडल्या नाहीत. त्या लग्न होऊन गेल्या असाव्यात, आणि सुना दुरून आल्याचं दातांच्या रासायनिक तपासणीतूनही दिसलं. हे दोन वंशवृक्ष शेजारी लावा. नववीची मुलं अर्धा तास बोलतील.

राखीगढीबद्दल: "वंशज" अजिबात लिहू नका. यू२बी२ ही शाखा त्या स्त्रीच्या कितीतरी आधी फुटलेली आहे. आजच्या माणसाची आणि तिची एक सामाईक आई होती, एवढाच त्याचा अर्थ. ती सामाईक आई हडप्पाच्याही फार मागची असू शकते. शिवाय ही फक्त एक रेघ आहे. दहा पिढ्या मागे गेलं की १,०२४ पूर्वजांच्या जागा होतात, त्यातल्या एकाच बाईबद्दल हा डीएनए बोलतो.

आपल्याकडे हे काम का अवघड, तेही फलकावर जरूर घ्या. राखीगढीत ६१ नमुने तपासले, त्यातल्या एकातून पुरेसा डीएनए मिळाला, तोही पुन्हा पुन्हा वाचून. उष्ण हवा आणि दमट माती डीएनएचे बारीक तुकडे करते. म्हणून आतल्या कानाभोवतीचं सर्वांत घट्ट हाड शोधतात. तान्ह्या बाळातही ते लवकर घट्ट होतं, हे तुमच्या विषयाला महत्त्वाचं. जुन्या उत्खननातल्या हाडांना अनेकांचे हात लागलेले असतात. तुकड्यांच्या टोकांना डीएनएच्या 'सी' या अक्षराच्या जागी 'टी' वाचला जातो का, हे पाहून खरा जुना डीएनए आजच्यापासून वेगळा ओळखतात.

माहीमकर:

मुंबईजवळचं उदाहरण हवं असेल तर संजाण घ्या. तिथल्या जुन्या दोखम्यातल्या (पारशी मृतदेह ठेवतात त्या जागेतल्या) २१ नमुन्यांचा मातृवंश २०१७ च्या पारशी समाजावरच्या अभ्यासात तपासला होता. ४८ टक्के वंश खास दक्षिण आशियातले निघाले. सुरुवातीच्या वस्तीत स्थानिक स्त्रिया सामावल्या गेल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा कयास. मुलांना हे पटकन भिडेल.

घरगुती चाचणीचा निकाल मात्र मांडू नका, ही कळकळीची विनंती. बऱ्याच चाचण्या संपूर्ण क्रम न वाचता ठरावीक जागाच तपासतात. आणि अल्पवयीन मुलाची जनुकीय माहिती शाळेच्या भिंतीवर लावणं मला योग्य वाटत नाही, पालकांची संमती असली तरी. ती माहिती त्याच्या भावंडांची आणि मावशांचीही असते. कलिन्याला विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात पुरातत्त्वाचे अभ्यासक्रम चालतात, तिथे विचारून पाहा.

शर्वरी_मुलुंड:

दोघांचेही मनापासून आभार. चाचणीचा विषय बंद केला, पालकांशी उद्याच बोलते. "वंशज" हा शब्दही काढला. फलकावर आता "आई नाही हे सांगता येतं, आई आहे हे एवढ्यावरून सांगता येत नाही" असं मोठ्या अक्षरात जाईल. विंटरबोर्न किंग्स्टन आणि लेखच्या खोऱ्याचे वंशवृक्ष मुलांना हाताने काढायचे आहेत. अस्थिवेध, लेखच्या खोऱ्यातल्या एखाद्या कुटुंबाच्या चार-पाच पिढ्या मराठीत मांडून देऊ शकाल का? शुक्रवारपर्यंत मिळालं तर चालेल.