मदत हवी आहे: क्यूसीएमवर जिवाणूच्या लिपिडचा थर नीट बसत नाही

नमस्कार मंडळी,

मी नाशिकमध्ये मायक्रोबायोलॉजीत पीएचडी करते आहे. पॉलिमिक्सिन बी हे अँटिबायोटिक जिवाणूचं पटल (लिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचं पातळ आवरण) कसं फोडतं, ते क्यूसीएम या बायोसेन्सरवर बघायचंय. चार महिने एकाच पायरीवर अडकलेय. लिपिडवर हात बसलेलं कुणी इथे असेल तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

या शाखेबाहेरच्यांसाठी थोडक्यात: क्यूसीएम म्हणजे क्वार्ट्झची एक चकती, रुपयाच्या नाण्याहून लहान, सेकंदाला ५० लाख वेळा कंप पावणारी. तिच्यावर काही चिकटलं की कंप मंदावतो. दर चौरस सेंटिमीटरला १७.७ नॅनोग्रॅम चढले की १ हर्ट्झ उतरतो (झाउअरब्रे यांचं १९५९ चं समीकरण). डिसिपेशनवरून, म्हणजे कंपाची ऊर्जा किती विरते त्यावरून, थर घट्ट आहे की लिबलिबीत, तेही कळतं.

यंत्र पुण्यात, महिन्यातून दोन दिवस मिळतं. व्हेसिकल (लिपिडचे अतिसूक्ष्म पोकळ फुगे) इथे बनवते आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फावर घालून पहाटेच्या एसटीने नेते.

साध्या पीओपीसी या लिपिडचं सगळं सुरळीत होतं. कंपातल्या बदलाचा आकडा आधी झपकन खाली जातो, मग व्हेसिकल फुटून पसरतात, आतलं पाणी निघून जातं आणि आकडा वर चढून उणे २६ हर्ट्झवर थांबतो. डिसिपेशन जवळपास शून्य. पहिल्यांदा ते वळण स्क्रीनवर उमटलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. म्हणजे चिप स्वच्छ आहे, हात चुकत नाही.

पण ई. कोलाय या जिवाणूच्या आतल्या पटलासारखं (त्याला आतलं आणि बाहेरचं अशी दोन पटलं असतात) म्हणून पीओपीई आणि पीओपीजी ही लिपिडं ३:१ घेतली की आकडा उणे ८० च्या आसपास जाऊन तिथेच बसतो, डिसिपेशनही चढलेलं राहतं. व्हेसिकल न फुटता द्राक्षाच्या घडासारखे चिकटून राहिलेत, दुसरं काय! पीओपीजीवर ऋणभार, चिपवरच्या सिलिकावरही ऋणभार, म्हणून २ मिलिमोलर कॅल्शियम घातलं. तेव्हा उणे ३८ पर्यंत आला. त्यापुढे नाही.

अशा अर्धवट थरावर पॉलिमिक्सिन सोडलं तर आकडा वर सरकतो. आता तो सरकला तो पटल फुटून लिपिड वाहून गेलं म्हणून, की राहिलेले व्हेसिकल फुटून पसरले म्हणून? मला सांगता येत नाही, आणि हे सांगता येत नसेल तर बाकीच्या मोजमापाला अर्थ नाही.

माझा संशय थंडीवर आहे. पीओपीई साधारण २५ अंशांखाली गोठल्यासारखं घट्ट होतं. निफाडकडची थंडी तुम्हाला माहीत आहेच, आमच्या लॅबमध्येही सकाळी हात गारठतात. व्हेसिकल बनवायला १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पडद्यातून मिश्रण ढकलताना सिरिंज अंगठ्याने हलत नाही, दोन पडदे फाटले. त्यात वर बर्फ. आणि पुण्याचं यंत्रही २५ अंशांवरच लावलेलं असतं! सगळं ३७ ला करून कुणी पाहिलंय का? तसं असेल तर वाटेत काय करू, कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये नेऊ?

दुसरं, कॅल्शियमचं. थर बसल्यावर ते ईडीटीएने (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) धुऊन काढावं का? पॉलिमिक्सिनवर धनभार असतो, बाहेरच्या पटलात ते कॅल्शियम-मॅग्नेशियमच्याच जागा बळकावतं. कॅल्शियम मागे राहिलं तर बंधन कमी दिसेल अशी भीती वाटते. पण धुतल्यावर थरच सुटला तर?

हे सोडून द्या, पीओपीसीवरच काम उरका, असं मला दोघांनी सांगितलं. मला ते पटत नाही. पीओपीसीवर एकूण भार शून्य असतो, जिवाणूच्या पटलात पीओपीसी जवळपास नसतंच. मागच्या वर्षी आजोबा आयसीयूत होते, तेव्हा सगळी औषधं हरल्यावर त्यांना कोलिस्टिन लावलं, पॉलिमिक्सिनचंच भावंड. भारतात २०१९ मध्ये कोंबड्या-गुरांसाठी त्यावर बंदी आली, ती ते माणसासाठी राखून ठेवायला. २०१५ मध्ये चीनमध्ये सापडलेलं एमसीआर-१ हे जिवाणूतलं जनुक बाहेरच्या पटलाचा ऋणभारच कमी करतं आणि औषध चिकटेनासं होतं. सगळा खेळ भाराचा असताना भाराशिवायच्या थरावर काय मोजू?

पुढची पाळी २२ तारखेला आहे. लिपिड महाग आहे, दोनच प्रयत्नांपुरतं उरलंय. त्यातला पहिला ३७ अंशांवर करू की आधी कॅल्शियम ५ मिलिमोलर करून बघू, एवढं तरी कुणी सांगा. आलेखांचे फोटो हवे असतील तर लगेच टाकते.